परदेशिणीचे डोहाळे

सत्यशीला म्हणजे उघड्या डोळ्यांनी सपनं बघणारी बाई. खुरपताना हात चालू, अन् मन कुठल्या कुठं! सोबतच्या बाया हसायच्या, "सत्यशीले, तुझी पात मागं राह्यली गं!" की ती दचकून भानावर यायची, चार हात पुढं सरकायची आणि पुन्हा हरवायची. राजूरच्या अलीकडं एक खेडं, त्या खेड्याबाहेर बौद्धवस्ती, तिथं तिचं पत्र्याचं घर. नवरा तरणाताठाच गेला, पोटी लेकरू नाही.

बहात्तरच्या दुष्काळात छावणीत कुणीतरी एक हडकुळी तांबडी गाय सोडून गेलं. सत्यशीलानं ती घरी आणली. दुष्काळ सरला, तांबडी माजावर आली, आणि जाफराबादच्या दवाखान्यातून थर्मासात बर्फावर ठेवलेलं विलायती वळूचं बी आलं. गावानं नाकं मुरडली. हिला मात्र त्या थर्मासाची भुरळच पडली. एवढ्याशा भांड्यात एक आख्खी गाय झोपून आली म्हणजे काय गंमत झाली का! कालवड झाली ती हरणाच्या रंगाची, काळ्याभोर डोळ्यांची, पण पाठीवर वशिंडाचा पत्ता नाही. "अगं, हिचं सामान वाटंत पडलं का काय?" असं म्हणून लोक चिडवायचे. सत्यशीलानं तिचं नाव ठेवलं परदेशीण.

तेव्हा पहिल्या चिकाचा तांब्या घेऊन ती दुर्गाबाईंकडं गेली होती. दुर्गाबाई गावातल्या जुन्या, जमीनजुमल्याच्या घरच्या. सत्यशीला त्यांच्याच रानात मजुरी करायची. गाय व्याली की चीक वाटायची रीतच आहे. दुर्गाबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "आमच्यात हाय चीक. तू ने माघारी." त्यांच्या गोठ्यात त्या वेळी एकही गाय व्यालेली नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. सत्यशीलानं घरी येऊन त्याचा खरवस केला, पण तिला तो गोड लागला नाही.

पुढं तांबडी म्हातारी होऊन गेली. परदेशीण वयात आली, गाभण राहिली, आणि इथं आमच्या सपनाळू बाईनं घोळ घातला. तिला वाटलं, पहिलटकरीण आहे, माहेर सातासमुद्रापल्याड, हिचे डोहाळे कोण पुरवणार? सुगीत मजुरीची नवी ज्वारी टोपलीभर घरात आली होती. बाईनं गाईच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि ती सगळी ज्वारी गुळात कालवून तिच्यापुढं ठेवली. कडबा काय, रोजचाच! परदेशिणीनं टोपली चाटूनपुसून साफ केली. सत्यशीलानं त्या दिवशी नुसतं पाणी पिऊन गाईचं कौतुक पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गाईचा रवंथ बंद. पोट तट्ट फुगलं, डोळे खोल गेले, ती बसली ती उठेचना. संकरित गाईंच्या पोटाचा अभ्यास करणारे एक डॉक्टर फटफटीवर गावोगाव फिरायचे, ते आले. खायचा सोडा पाजला, फुगारा थोडा उतरला, पण जबडा काही हलेना.

डॉक्टर म्हणाले, "बाई, गाईच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं एक गाव असतं. चारा तेच पचवतात. तुझ्या ज्वारीनं पोट आंबलं आणि ते गावच उठलं. आता दुसऱ्या निरोगी गाईच्या तोंडातला रवंथ काढून हिला चारायला हवा. म्हणजे तिथलं गाव इथं नांदायला येईल."

सत्यशीलाला ते गाव दिसायलाच लागलं. तिनं हळूच विचारलं, "सायेब, त्या गावात वस्ती बाजूला आस्ती का?"

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही. तिथं एकाचं उष्टं दुसरा खातो, म्हणून तर गाय जगते. आणि हे बघ, रवंथ गरम असतानाच द्यायचा. गार झाला की ते जीव मरतात."

वस्तीवर दुसरी गाय नव्हती. ती दुर्गाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली, अन् रवंथासाठी तुमची गाय वस्तीवर आणा म्हणून हात जोडले.

"रवंथ?" दुर्गाबाई उसळल्या. "दुसऱ्याला घास दिला की आपल्या गाईचं दूध जातं, सासूबाई सांगायच्या. अन् तुमच्या वस्तीत नेऊ गाय? बिलकुल न्हाई!"

"दोन जिवांची हाय वो, मालकीणबाई. डोहाळे पुरवाय गेल्ते, अन् म्याच मारून राह्यले तिला." आणि सत्यशीलाला रडू फुटलं.

"गाभण हाय?" दुर्गाबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या आत निघून गेल्या. सत्यशीला माघारी फिरली. पाय ओढत वस्तीपाशी आली, तर मागून घुंगरांचा आवाज. तिला वाटलं, झालं, पुन्हा सपन पडलं. वळून बघते तर दुर्गाबाई! डोक्यावर पदर, हातात त्यांच्या कपिला गाईचं दावं, आणि चेहरा रागानं लाल.

"बघते काय अशी? जल्दी चल!"

कपिला लिंबाखाली टेकली, सावलीत निवांत रवंथ करू लागली. सासू घरच्या आजारी गाईसाठी घालायची, तसाच दुर्गाबाईंनी कपिलेच्या जबड्यात कडेनं हात घातला, हिरवा, वाफाळता घास काढला आणि तसाच परदेशिणीच्या तोंडात सारला. पुन्हा काढला, पुन्हा सारला. कोपरापर्यंत हात लाळेनं माखला.

मग दोघी गाईजवळ बसून राहिल्या. ऊन हललं, लिंबाची सावली अंगणभर लांबली. सत्यशीलाला दिसत होतं, कपिलेच्या पोटातली माणसं गाठोडी घेऊन येताहेत, चुली मांडताहेत, कुणी कुणाला जात विचारत नाही. आणि परदेशिणीचा कान हलला. गळ्याखालून एक गोळा वर सरकला. जबडा फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"करून राह्यली! रवंथ करून राह्यली!" सत्यशीला ओरडली, आणि गाईच्या गळ्यातच पडली.

तिनं हात धुवायला तांब्या आणला. वरून धार धरायची म्हणून वाकली, तर दुर्गाबाईंनी तांब्याच हातातून घेतला. हात धुतले, उरलेलं पाणी घटाघटा प्याल्या, आणि कपिलेचं दावं धरून चालू लागल्या. चार पावलांवर थांबल्या.

"सत्यशीले, व्याली की चीक आणून दे. मागच्या बारीला म्या खोटं बोलल्ते."

सत्यशीलानं तो रिकामा तांब्या उचलून पोटाशी धरला. जन्मभर तिनं नाही नाही ती सपनं बघितली होती, पण एवढं मोठं सपन बघायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं.