पडद्याचा वाटा

चामोर्शीकडच्या एका गावात तळ्यातले मासे वाटायचं काम डोमाभाऊचं. वीस वर्षांत त्याच्या वाट्यांवरून भांडण झालं नव्हतं. पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाला सारखा वाटा, मग त्यानं जाळं ओढलेलं असो की नुसता आरडाओरडा केलेला असो. म्हणूनच गावानं त्याला शाळा समितीचा अध्यक्ष केलं.

२००२ साली मच्छीमार सोसायटीनं शाळेला कॉम्प्युटरसाठी चोवीस हजार दिले. डोमाची रोशनी सातवीत, या शाळेतलं तिचं शेवटचं वर्ष. परीक्षेआधी तू कॉम्प्युटर चालवशील, असा शब्द त्यानं तिला दिला होता.

हेडमास्तर गुणवंतरावांनी यादी वाचली. जुना कॉम्प्युटर पंधरा हजार. टेबल, खुर्ची, पंखा, स्टॅबिलायझर, सतरंजी, कुलूप आणि धूळ अडवायला पडदा मिळून नऊ हजार. आठ वस्तू, त्या आणायला समितीतली आठ माणसं.

कॉम्प्युटर आणायचं काम खुशालकडे आलं, पडद्याचं लटारूकडे. लटारू उसळला, "खुशालले पंधरा हजार अन् मले दोनशे काऊन? मी काय काठावर बसलो?"

डोमाला ते पटलं. "तीन-तीन हजाराचे आठ वाटे टाका, गुरुजी."

"डोमाभाऊ, कॉम्प्युटर मोठा मासा आहे."

"मोठा मासा आपण कापूनच वाटतो ना."

आठवड्यात सामान आलं. कुलूप एवढं जड की दाराची कडी वाकली. सतरंजीवर अख्खी शाळा मावली. लटारूनं सोनेरी झालरीचा लाल मखमली पडदा आणला. खुशालनं बल्लारपुराहून नुसता मॉनिटर आणला.

"बाबा, हा चालू होते?" रोशनीनं विचारलं.

"पाहून राह्यलो," डोमा म्हणाला. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळाचा मॅनेजर मखमली पडद्याची बातमी ऐकून तो पाहायला आला. नाटकांचा हंगाम ऐन भरात होता आणि त्यांचा पडदा उंदरांनी खाल्ला होता. एका प्रयोगाचे तीनशे ठरले. चाळीस प्रयोग झाले, बारा हजार जमले आणि मार्चमध्ये खुशालनं उरलेला कॉम्प्युटर आणला. लटारू तेव्हापासून गावात छाती काढून चालतो.

वीज रोज एकच तास. डोमानं पोरं मोजली, साठ भरली. एकेक मिनिटाचे वाटे पाडून तो घड्याळ घेऊन दारात उभा राहिला. रोशनी बोटानं अक्षरं शोधत होती, तेवढ्यात तिचं मिनिट संपलं.

"बाबा, नाव अर्धंच झालं."

"बाकीचं उद्याच्या वाट्यात. ऊठ, मागं लाईन आहे."