खोक्यातली नाडी

धाराशिवला गाड्यांच्या वायपरच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री माझ्या ओळखीचा आहे. माझ्याकडचे शिकाऊ सर्जन हलत्या हृदयावर टाके घालायला शिकतात, ती खोकी तोच बनवतो. आत जुनी मोटार आणि खाचा पाडलेली चकती. वर खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं हृदय ठेवलं, की ते धडधडू लागतं.

बोलतो कमी. चहा देताना मात्र समोरच्याचं मनगट धरून ठेवतो, डोळे मिटून ओठ हलवत. मोटारीला कधी 'बंद करा' म्हणत नाही. दुकान वाढवतात तसं 'वाढवा' म्हणतो.

परवा एक खोकं परत नेलं.

"मिस्त्री, हे मधेच एक ठोका गिळतंय. बिघडलंय."

"बिघडलं न्हाय, सायेब. चहाच्या वक्ताला तुमचीच नाडी घेतली व्हती. तशाच खाचा पाडल्यात."

मी हसलो. त्यानं खोकं चालू करून माझा एक हात त्यावर ठेवला, दुसऱ्या हाताची बोटं माझ्याच मानेवर. दोन्हीकडचा ठोका एकाच वेळी चुकला.

मी घाईनं बटणाकडं हात नेला, तर त्यानं मनगट घट्ट धरलं.

"आता हे म्या वाढवनार न्हाय. तुमी आधी कुनाला तरी दाखवून या. तवर चालू ऱ्हाऊ द्या."