आक्कांना गाडीत झोप लागली तेव्हा

आधी आक्कांचं सांगतो, गाडीचं मागून. आज मी स्टिअरिंगमागे बसून दोन घास खातो ते त्यांच्यामुळे. तशा त्या माझ्या कोणी नव्हेत. माझे मालक सांगलीचे हळदीचे व्यापारी आणि आक्का त्यांच्या आई. मी तापीकाठचा, सहावीतच शाळा सोडलेला, ड्रायव्हर म्हणून इतक्या लांब येऊन पडलेला.

मालकांचं घर सांगलीपासून बरंच आत, कृष्णाकाठच्या गावात. गाडी मोठी, विलायती, साताऱ्याकडच्या कुणा इनामदारांनी हौसेनं वापरून विकलेली. आत लाल कातडी गाद्या, दारांना पॉलिश केलेलं लाकूड. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, वाड्यातला दिवाणखानाच रस्त्यानं चाललाय. आत बसणाऱ्याला मात्र खरं कळायचं. पुढचे दोन्ही शॉकप, म्हणजे खड्ड्याचा हिसका गिळणारे तेलाचे दांडे, गळून कोरडे पडले होते. एका खड्ड्यातून गेली की गाडी पुढच्या सपाट रस्त्यावरही उड्या मारत राहायची.

आक्कांना पाठीचं दुखणं. दर आठवड्याला मिरजेला दवाखान्यात न्यायचं. हिसका बसू नये म्हणून मी गाडी बैलगाडीसारखी हाकायचो. पहिल्याच फेरीला घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. आक्का पाणीसुद्धा न घेता आपल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, माझ्यावर रागावल्या.

स्वयंपाकीण म्हणाली, "जैनाचं घर हाय हे. आक्का दिवस बुडाल्यावर तोंडात काय घालत न्हाईत. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

थंडीचे दिवस होते, ऊन लवकर पळायचं. जोरात न्यावी तर पाठ, हळू न्यावी तर उपास. असे काही आठवडे गेल्यावर मालकांनी मला बोलावलं. हळदीचा भाव सांगावा तशा सरळ आवाजात म्हणाले, "पुढच्या फेरीला आक्का उजेडात घरी आल्या पायजेत, अन् पाठ न दुखता. न्हाईतर गाडी विकून टाकतो. मग तुझं तरी काय काम?"

त्या दिवसापासून मला सारखा गावाकडचा रस्ता दिसायला लागला. घरी धाकटी भावंडं माझ्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून बसलेली. परत जाऊन त्यांना काय सांगणार होतो?

मिरजेच्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "विलायती आता कुठं मिळायचे गड्या? जीपचे नवे बसवतो. नुसतं लोखंड हाय, मोडायचं न्हाई."

मला ते पटेना. मालकांना सांगून मी एसटीनं साताऱ्याकडच्या मलकापूरला गेलो. तिथं रस्त्याकडेला मोडीच्या गाड्यांचं आवार होतं, आणि गवतात आमच्याच गाडीची बहीण उभी होती. बॉनेटवर वेल चढलेला, काचेत आभाळ. तिचे शॉकप सोडवताना उगीच वाटलं, झोपलेल्या बाईच्या पायातली जोडवी काढतोय. पोत्यात बांधून ते एसटीत घातले.

कंडक्टर म्हणाला, "काय रं, तोफ नेतोस काय?"

फेरीचा दिवस आला. आक्का दवाखान्यात असताना मिस्त्रींनी आपल्या हट्टानं आधी जीपचे बसवून ठेवले. मी रिकामी गाडी फिरवून बघायला निघालो तर आक्का दवाखान्यातून काठी टेकत आल्या. "पाठ माझी हाय. मला न घेता काय बघणार तू?" म्हणाल्या आणि बसल्या.

स्टेशनच्या रस्त्यावरून जाऊन आलो. "हे काठीनं मारल्यागत लागतंय," त्या म्हणाल्या.

मग मलकापूरचे बसवले. मिस्त्रींनी मडगार्ड दाबून सोडलं, तर गाडी वर, खाली, पुन्हा वर. तरी आक्का बसल्या. परत आल्यावर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आता नावेत बसल्यागत. मळमळतंय."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "माप बरोबर हाय, तेल पातळ झालंय. खोलून नवे वायसर टाकतो, जाड तेल भरतो. पण आवं आक्का, मग जेवायला घर गाठायचं न्हाई तुमाला."

"पुढच्या आठवड्यात करू," मी म्हणालो.

"पुढच्या आठवड्यात गाडी राहती का आपली?" आक्कांनी विचारलं. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मिस्त्रींना म्हणाल्या, "खोल तू. माझं काय, उद्या उजाडतंयच की."

आणि त्या शेजारच्या तंबोरे करणाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. कौलांवर भोपळे वाळत होते, पिवळे, गुबगुबीत, उन्हात डुलक्या घेणारे. आत कुणीतरी एकच तार छेडून कान लावत होतं, पुन्हा छेडत होतं. ती दुपार माझ्या मनात अजून संपलेली नाही. ऊन भोपळ्यांवरून उतरत होतं, मी सारखा सूर्याकडे बघत होतो, आणि आक्का मात्र तारेबरोबर हळूच मान हलवत होत्या.

निघालो तेव्हा सूर्य गेला होता. दोन्हीकडे उसाला तुरे आलेले, उरलेल्या उजेडात धुरासारखे. खड्डे येत होते आणि गाडीखाली कुठंतरी विरत होते. मी इतर गाड्यांच्या वेगानं चाललो होतो. आरशात बघितलं तर आक्कांची मान कलंडलेली. उपाशीपोटी चक्कर आली की काय?

गाडी बाजूला घेतली. "आक्का! आवं आक्का!"

त्यांनी डोळे उघडले. "का रं थांबलास? आलं व्हय घर?"

मालक दारातच उभे होते. "उजेडात म्हणालो होतो."

"तंबोरे बघत बसले मी," आक्का म्हणाल्या. "गाडीचं इचार की."

"काय गाडीचं?"

"झोप लागली मला."

मालकांनी पुढं होऊन मडगार्ड दाबलं, सोडलं. गाडी एकदाच वर आली आणि गप्प उभी राहिली. "सकाळी धुऊन काढ. लय धूळ बसलीया," एवढंच बोलले.

आक्का स्वयंपाकघरावरून आपल्या खोलीत गेल्या, पहिल्या दिवशी गेल्या होत्या तशाच. या वेळी मला कारण माहीत होतं. त्या रात्री मीही जेवलो नाही.

ते जेवण मी त्यांना देणं लागतो. एक दिवस त्यांना याच गाडीतून तापीकाठी नेईन. आईला आधी कळवीन, म्हणजे ती कांदा-लसूण बाजूला ठेवून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापील. रस्ता फार लांबचा आहे, मुक्काम करत जावं लागेल. पण आमच्या ओसरीवर त्यांचं ताट मांडेन तेव्हा सूर्य चांगला वर असेल. वाटेत त्यांना झोप लागली, तर आता गाडी थांबवणार नाही.