दोन पलंगांचं नाटक

आई येणार म्हटलं की मंजिरीचं डोकं ठणकायला लागायचं. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, निघालं काहीच नाही. "टेन्शन घेता का मॅडम?" डॉक्टर विचारायचे आणि ती नुसती हसायची. सांगणार काय, कप्पाळ? शहराबाहेरच्या नव्या राजधानीतल्या ऑफिसात डबा खाताना मैत्रिणी स्थळं सुचवायच्या, तिथंही हसायचं. आणि आई पुरानी बस्तीतल्या घरून शंकर नगरच्या फ्लॅटवर आली की दोन पलंगांचं नाटक मांडायचं. अपर्णाची उशी, कपडे, सगळं दुसऱ्या खोलीत! अपर्णा म्हणजे म्हणे रूममेट. खरं तर दोघींचा भांडणांसकट चांगला मुरलेला संसार होता.

त्या रविवारी मंजिरीनं उशी उचलली आणि परत जागेवर आपटली.

"नाही हलवत, जा! आज आईले सांगूनच टाकते."

"पागल झाली का वं? त्यांनी तुले तोडलं तर?" अपर्णा घाबरली.

"तोडू दे. मले लपून जगनं जमून नाही राहिलं."

भीती होतीच, पण लग्नघरातल्या सकाळसारखी धांदल दोघींच्या अंगात शिरली होती. पोह्यांत मीठ घालायचंच राहिलं.

मंजिरीची आई सत्यभामाबाई आली, अळणी पोह्यांना नावं ठेवत बसली. मंजिरीनं एका दमात सांगून टाकलं.

"आई, अपर्णा रूममेट नाही. हिच्यासंगच मले जिंदगी काढायची आहे. लग्न म्हणशील तर हेच."

आईनं बशी खाली ठेवली. रडली, रागावली, "जावयाची वाट पाहून राहिली होती मी," म्हणाली. मग उठून खोलीत डोकावली. एकच पलंग, दोन उशा. वाकडी पडलेली एक उशी तिनं सरळ केली.

परत आली ती डोळे पुसत. भाचीची ओटी भरायला जायचं होतं, त्यासाठी आणलेली नारळ-तांदळाची पिशवी तिनं पुढे ओढली.

"अपर्णा, इकडं बस."

ओटी लग्न झालेल्या बाईची भरतात, हे अपर्णाला न कळायला काय झालं? तिनं ओढणी पसरली.

"आई!" मंजिरी आनंदानं किंचाळलीच.

"कल्ला करू नको. मले समजाले वेळ लागन. भाचीले दुसरा नारळ घेता येते."

कुंकू लावून आईनं ओंजळभर तांदूळ ओढणीत टाकले. डोळे पुसायला अपर्णानं ओढणीचं एक टोक सोडलं.

"सांडू नको वं पोट्टे," आई खेकसली, "आपल्या घरचे तांदूळ आहेत."