धागा माझा, चरखा शेठाणीचा

मैत्रिणींनो, आज वर्ध्याच्या प्रदर्शनात मी सगळ्यांसमोर सूत कातणार होते. त्या सरावापायी बहिणीच्या लग्नाची सतरंजी मागावर अर्धीच राहिली, भाचीची गोधडीही अर्धीच शिवून पडली.

ऐनवेळी प्रदर्शनाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "सूत तुयंच ठेवू. पण चरख्यावर देणगी देणाऱ्या शेठाणीबाई बसतीन."

"काऊन?" मी विचारलं. "आता आम्ही बौद्ध झालो. अजून बी इटाळ?"

"धर्म बदलला, हात तर तेच हायेत ना!" त्या हसल्या.

मी कनातीमागे उभी राहिले. पाहुण्यांसमोर शेठाणीबाईंचा धागा तीनदा तुटला. त्यांनी मान न वळवताच हाक मारली, "ये वो, जोडून दे."

मी गेले, धागा जोडला आणि मागे फिरले. टाळ्या त्यांना पडल्या.

तेव्हापासून मला माझाच राग येतोय. तुम्ही असतात तर जोडला असतात का?