ओलं फडकं

लाकूड चमकावं म्हणून मी सासऱ्यांच्या पाटाला सकाळीच जवसाचं तेल चोळलं. ही माझी अक्कल. जुन्या पत्रातली त्यांची सही त्यावर कोरून बायकोला द्यायची होती. सासरे गेल्यावर त्यांच्या वापरातलं म्हणून घरात तो एकच पाट उरलाय.

तुमसरच्या बाजारात टेबलावर लेझरचं यंत्र मांडून बसणारा तो माणूस लाकूड आधी हुंगतो. यंत्र चालू झालं की फोन पालथा, तोंड बंद, डाव्या हातात ओलं फडकं. गिऱ्हाईक कितीही खाकरो, मान वळत नाही.

पाट हुंगून तो म्हणाला, "काकाजी, तेल लावलं काय?"

"नाही गा, पुसला फक्त."

"पाहू," तो म्हणाला. हे त्याचं नेहमीचंच.

अर्धी सही झाली आणि तेलानं पेट घेतला. त्यानं यंत्र थांबवलं, जाळावर फडकं दाबलं. पाट केसभर सरकला असता तर उरलेली सही वाकडी बसली असती, म्हणून दुसरा पंजा त्यानं जाळाशेजारीच पाटावर रोवून ठेवला. मी नुसता उभा होतो.

"तेल होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि यंत्र थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. त्याचा पंजा लाल झाला होता.

सही सरळ आली, कडेला एक काळा डाग. घरी बायकोला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ सहीवरून बोट फिरवत राहिली.

मग म्हणाली, "पाटाले तेल लावलं. त्या भाऊच्या हाताले काय लावलं?"