वसुधाताईंचा उंबरठा

गाडी कोणाचीही असो, वसुधाताई आधी तिच्या मागे जाणार. पुढचे दिवे, आतला स्क्रीन, सीटांचा रंग यांत त्यांना काडीचा रस नव्हता. मागचं दार उघडायच्या, डिकीच्या कडेवर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "उंबरठा बघावा आधी. सामान काढणाऱ्याचा विचार केलाय की नाही, ते तिथेच कळतं." डिकीच्या कडेला त्या उंबरठाच म्हणत. आमच्या कुकटपल्लीच्या ऑफिसातले तेलुगू इंजिनिअरही पुढे उंबरठाच म्हणू लागले.

त्या शहरातल्याच चिक्कडपल्ली भागातल्या, मराठी घरातल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, जिभेला धार. आमचं ऑफिस एका परदेशी कंपनीच्या गाड्यांचे आराखडे करायचं. त्यातली एक छोटी स्टेशन वॅगन: पाच माणसांची, मागे सामानाला ऐसपैस जागा. ती इथे विकत नाहीत, आमच्यापैकी कुणी ती रस्त्यावर पाहिलेलीही नाही. तिचा मागचा भाग वसुधाताईंनी आखला होता आणि मी त्यांचा मदतनीस होतो. हातात पेन्सिल कशी धरायची इथपासून त्यांनी मला शिकवलं.

गाडीला तीन-चार वर्षं झाली की कंपन्या तिचं रूप बदलतात. धंद्यात त्याला फेसलिफ्ट म्हणतात. "पत्रा तोच, पावडर नवी," ताई म्हणायच्या. या वेळच्या पावडरीत मागचा बंपर होता. रुबाबदार दिसावा म्हणून तो चार बोटं जास्त बाहेर काढायचा, असं वरून ठरून आलं. सामान काढणाऱ्याने तेवढं लांब उभं राहायचं, हात ताणायचे आणि तसंच वाकून ओझं उचलायचं. ताईंचं डोकंच फिरलं.

"मॅडम, चार उंगली के वास्ते इत्ता झगडा कायकू?" आमचे प्रमुख राव सर म्हणाले.

"आप नक्को देखो सर, कमर देखती," ताईंनी तिथल्या तिथे सुनावलं. मग बाहेर येऊन माझ्यावर उखडल्या, "तिकडची बाईसुद्धा वाकतेच ना रे? तिची कंबर काय लोखंडाची असते?"

चाचणीच्या दिवशी त्यांनी घरून पंचवीस किलो तांदळाची गोणी आणली. हॉलमध्ये गाडीच्या मागच्या भागाचा लाकडी सांगाडा होता, त्याला जुना आणि नवा बंपर आळीपाळीने लावता यायचा. सहा फुटी राव सरांनी दोन्ही वेळा गोणी सहज उचलली. "हो गया ना?" ते म्हणाले.

"आता मी," म्हणत ताईंनी ओढणी कमरेला खोचली. जुन्या बंपरवरून त्यांनी गोणी नीट बाहेर काढली. नव्यावरून काढताना पोट बंपरला टेकलं, टाचा उचलल्या गेल्या, गोणी अर्ध्यात आली आणि कंबरेत चमक भरली. दोन्ही हातांनी कड धरून त्या तशाच ओणव्या राहिल्या. सरळ होता येईना. मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. मीही हसलो. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ताई आठवडाभर रजेवर होत्या. अहवाल मला लिहायचा होता. "सब ठीक हुआ, बोल के लिख दे," राव सर जाता जाता म्हणाले. नुसतं म्हणाले. धमकी नाही, लालूच नाही. मी लिहिलं, 'चाचणीत कुणालाही त्रास झाला नाही,' आणि खाली सही ठोकली. तो बंपर मंजूर झाला.

ताई परतल्या, अहवाल वाचला आणि त्याच दुपारी राजीनामा दिला. राव सरांनी पुष्पगुच्छ देऊन भाषण केलं. त्या भाषणाचा एक शब्दही मला आठवत नाही, नुसती चीड आठवते. मी ताईंची बॅग घेऊन खाली गेलो. ऑटोत बसायला त्यांना वेळ लागला.

"रावांचं सोड, ते असेच. तू तर मराठी घरातला आहेस ना?" त्या म्हणाल्या. "मग 'कुणालाही त्रास झाला नाही' याचा अर्थ सांग मला. त्या हॉलमध्ये मी कुणीच नव्हते, असाच ना?"

"ताई, मला तसं लिहायला सांगितलं होतं."

"ते मी विचारलंच नाही," ताई म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.